द्वारकाबाईच्या हाताचा गुण

"फिरला की पंखा! झालं चालू!" असं म्हणून सखुआत्यानं टाळी वाजवली. तिच्या मागे दाटीनं उभ्या असलेल्या चार-पाच बायकांनीही वाजवली.

संतरामनं वाजवली नाही. तो टेबलापुढे वाकून पडद्याकडे बघत होता. डब्याच्या आतला पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागला होता, घरघर ऐकू येत होती. पण पडदा काळाठिक्कर. त्यानं बटन दाबून मशीन बंद केलं, मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा चालू केलं. पुन्हा पंखा, पुन्हा दिवा आणि पडद्यावर पुन्हा अमावस्या.

"पंखा फिरून काय उपयोग, आत्या? पडद्यावर अक्षरं यायला पाहिजेत," मिना म्हणाली. मिना संतरामची बायको. तिचे वडील हिंगोलीच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत, त्यामुळे लग्नाआधीच तिची बोटं कळांवर पळायची. शिरड शहापुरातल्या या दुकानात आजपासून कॉम्प्युटरवर बसणार होती ती तीच.

"मंग येऊन काहून न्हाई राहिले?" आत्यानं विचारलं.

पेढ्यांचं ताट फिरता फिरता मधेच थांबलं. मग सखुआत्या शेजारणीच्या कानाशी लागली. पण आत्याची कुजबूज म्हणजे बसस्टँडवर ऐकू जाईल अशी. "म्या तवाच म्हनलं व्हतं, कुंकू मिनाच्या हातानं लावा. घरात सवाशीन असताना…" पुढचं तिनं गिळलं, पण सांगायचं ते सगळ्यांना सांगून झालं होतं.

संतरामची आई द्वारकाबाई टेबलाच्या कडेला कुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती. तिनं करंड्याचं झाकण लावलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि कुणाकडेही न बघता आतल्या दारानं परसात निघून गेली.

संतराम आत्याकडे वळला. आत्याला बोलावं तर आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात आत्या मनानं वाईट नव्हती. लहानपणी त्याला गोवर आला तेव्हा चार दिवस उशाशी बसून राहिलेली बाई ही. तिची जीभ तेवढी तिच्या आधी उठायची.

२००३ सालच्या फेब्रुवारीतला गुरुवार होता. गावात हळद शिजवायचे दिवस चालू होते, आणि मशीन बंद असो की चालू, हवेत तो ओला, उग्र वास भरून राहिला होता. मुहूर्त साडेनऊचा काढलेला. दहा वाजता पाहुणे पेढे खाऊन उठले. जाताना प्रत्येकानं "व्हईल, व्हईल चालू" असं म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं त्यावरून कुणालाच तसं वाटत नव्हतं हे कळत होतं.

एक माणूस मात्र उठला नाही. धर्मसिंग गुरुजी, जवळच्या तांड्यावरचे शिक्षक. लेकीच्या, शितलच्या, लग्नपत्रिकेचा मजकूर कागदावर लिहून ते आले होते. दुकानातलं पहिलं काम त्यांचं, असं ठरलेलं होतं.

"गुरुजी, वेळ लागंल. तकलीफ व्हईल तुमाला," संतराम म्हणाला.

"माझा रेडिओ तीनदा मेला अन् तीनदा तू उठवला. मी बसतो," असं म्हणून गुरुजींनी बाकावर मांडी घातली आणि दुसरा पेढा घेतला.

संतराम चव्वेचाळीस वर्षांचा. वीस वर्षं त्यानं रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही आणि शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त केले. शिरड शहापूरपासून सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत असं गाव नव्हतं जिथलं एखादं मुकं यंत्र त्याच्या टेबलावर येऊन बोलायला लागलं नव्हतं. त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाईकानं वस्तू टेबलावर ठेवली की तो पेचकस उचलायचा नाही. आधी विचारायचा, "बंद पडायच्या आधी शेवटचा हात कोनी लावला?" लोक म्हणायचे, कुणीच नाही. संतराम वाट बघायचा. मग हळूहळू निघायचं की सुनेनं ओल्या फडक्यानं पुसला होता, नाहीतर मेहुण्यानं आवाज वाढतो का बघितलं होतं. जिथं शेवटचा हात लागला तिथंच बहुतेक वेळा दुखणं सापडायचं. म्हाताऱ्या वैद्याला नाडी, तसा संतरामला हा प्रश्न.

आज मात्र तो प्रश्न त्याच्या ओठांवर येत नव्हता. कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. काल संध्याकाळी वर्कशॉपात याच मशीननं एक बारीक शिट्टी मारली होती, पडद्यावर अक्षरं आली होती, आणि मिनानं स्वतःचं नाव टाइप करून पाहिलं होतं. नांदेडहून सुटे भाग आणून त्यानं स्वतः बसवलेलं हे पहिलं मशीन. रात्रभर ते कापडाखाली झाकून होतं. आणि आज सकाळी चालू करायच्या आधी त्याला शेवटचा हात लागला होता तो आईचा.

द्वारकाबाईच्या हाताची एकेकाळी गावात ख्याती होती. कुणी नवी बैलगाडी घेतली, कुणाच्या विहिरीवर इंजिन बसलं, कुणाची म्हैस व्याली, की पहिलं कुंकू लावायला बोलावणं द्वारकाबाईला. हाताला गुण आहे म्हणत. संतराम दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी, उत्तमरावांनी, जुनं ऑइल इंजिन घेतलं होतं. चार गडी हँडल मारून घामाघूम झाले तरी ते नुसतं खोकत होतं. द्वारकाबाईनं येऊन कुंकू लावलं, पुढच्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. ती गोष्ट संतराम शाळेत सगळ्यांना सांगत सुटला होता.

एक्क्याण्णव साली उत्तमराव गेले. त्यानंतर द्वारकाबाईला कुणी काही बोललं नाही. नुसतं बोलावणं थांबलं. गल्लीत पूजा असली की तीच आपण होऊन दाराच्या मागे उभी राहायला शिकली. अकरा वर्षं संतराम ते बघत होता आणि बघून न बघितल्यासारखं करत होता. या गोष्टीची त्याला लाज वाटायची.

म्हणून आठ दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "माय, पूजा तू करायची."

"येडा झाला का रं? मिना हाय की. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आई, त्या मशीनवर मी बसणार," मिना आतून म्हणाली. "माझ्या मशीनला मला तुमचाच हात पाहिजे."

द्वारकाबाईनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेच्या तळातून लाकडी करंडा काढला. वरच्या कप्प्यात कुंकू, खालच्या कप्प्यात मेण. तिच्या पिढीच्या बायका कपाळावर आधी मेण लावत आणि मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलायचं नाही. अकरा वर्षांत मेण दगड झालं होतं. तिनं ते उन्हात ठेवलं, खोबरेल तेलाचे दोन थेंब घालून मऊ केलं आणि करंडा फडक्यानं पुसून पुसून लखलखीत केला. त्या दिवशी ती ओव्या गुणगुणत होती. असं मिनानं तिला कधी ऐकलं नव्हतं.

आणि आज सकाळी पूजेच्या वेळी तिनं सगळ्यांना हसवलं होतं. संतराम टेबलाखाली शिरून प्लग बसवत होता. वरून आईचा आवाज आला, "संतराम, याचं कपाळ कोनतं रं?"

"कुठंबी लाव माय, समदं कपाळच हाय त्याचं," तो खालूनच म्हणाला. बायका हसल्या. तो बाहेर आला तेव्हा डब्याच्या तोंडावर, मोठ्या बटनाच्या बरोबर खाली, कुंकवाचा गोल ठसठशीत ठिपका होता. अर्ध्या तासापूर्वीची ही गोष्ट. आता वर्षापूर्वीची वाटत होती.

संतरामनं स्वतःला समजावलं की मशीन वर्कशॉपातून इथं उचलून आणताना काहीतरी हललं असणार. त्यानं डब्याची एक बाजू खोलली. मेमरीची पट्टी काढली, तिच्याविनाही एकदा चालू करून बघितलं, मग तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले, पुन्हा बसवली. चालू केलं. काळोख. बारकी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत घातली. काळोख. मीटर लावून करंट बघितला, तो बरोबर होता. पडद्याची वायर उपसून पुन्हा घट्ट केली. एकेक करत त्यानं सगळं काही तपासलं. फक्त त्या लाल ठिपक्याकडे नजर गेली की तो ती वळवत होता. तिकडे बघितलं तर आत्याच्या म्हणण्यावर शिक्का मारल्यासारखं झालं असतं.

"काय म्हनून राहिलं?" बाकावरून गुरुजींनी विचारलं.

"काहीच म्हनत न्हाई. तेच तर दुखणं हाय."

साडेअकराला तो समोरच्या एसटीडीवर गेला आणि नांदेडला, सुटे भाग विकणाऱ्या माणसाला फोन लावला.

"संतरामभाई, मेमरी निकालके चालू करो. सीटी मारता क्या?"

"नहीं मारता. गूंगा है एकदम."

"तो बोर्ड गया समझो. शनिवार को लेके आना, देखते."

फोन ठेवून तो तिथंच उभा राहिला. शनिवार म्हणजे दोन दिवस. मशीनचं काय, ते दोन दिवसांनी चालू झालं असतं. बोर्ड बदलून मिळाला असता. पण आज हे चालू झालं नाही, तर द्वारकाबाईच्या हातानं बंद पडलं ही गोष्ट उद्या आठवडी बाजारात पोचणार, आणि मग मशीन शंभर वर्षं चाललं तरी ती गोष्ट कुणी मागे घेणार नाही. आई तर नाहीच नाही. आईला अकरा वर्षांनी दारामागून बाहेर काढलं ते आपण, आणि सगळ्या गावासमोर तोंडावर पाडलं तेही आपणच.

तो परसात गेला. द्वारकाबाई न्हाणीपाशी बसून राखेनं बोटं घासत होती.

"किती घासतेस, माय? कातडं निघंल."

"निघतच न्हाई. मेण हाय ना," ती मान वर न करता म्हणाली. "म्या उद्याच्या गाडीनं साखऱ्याला जाते, तुझ्या बहिनीकडं. तुमी मिनाच्या हातानं पुन्यांदा पूजा करून घ्या. चालू झालं की निरोप धाडा."

"माय, मशीन हाय ते. कुंकू कोनी लावलं ते त्याला काय कळतंय?"

आता तिनं मान वर केली. "ते आइल इंजन बी मशीनच व्हतं, संतराम. तवा माझ्या हातानं चालू झालं म्हनून तूच गावभर सांगत हिंडला. मंग आज बंद पडलं ते कोनाच्या हातानं?"

संतरामनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. तो तसाच माघारी फिरला.

बाराला लाइट गेली. रोजची लोडशेडिंग, बारा ते तीन. संतराम उघड्या डब्यासमोर हात गुडघ्यांत घालून बसला. जेवला नाही. मिनानं गुरुजींना ताट वाढलं, ते "कशाला, कशाला" म्हणत दोन भाकरी जेवले आणि भिंतीला टेकून डुलकी घेऊ लागले. मिना संतरामशेजारी येऊन बसली.

"गिऱ्हाईक आलं की तुमी पहिलं काय विचारता?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"ते आज विचारायचं न्हाई."

"का बरं?"

"का म्हंजे? तुला ठाव न्हाई शेवटचा हात कोनाचा व्हता ते?"

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हणते." मिनाचा आवाज कोर्टाबाहेरच्या पोरीचा झाला. "तुमीच मला सांगितलं होतं, हात कोणाचा हे दोष द्यायला विचारत न्हाई, दुखणं कुठं हाय ते शोधायला विचारतो. लोकाच्या सुनांना विचारता. आपल्या आईला विचारायला काय झालं? तुमीबी आत्यासारखंच धरून बसलात की आईच्या हाताला काहीतरी झालं."

संतरामला ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. सकाळपासून त्यानं अख्खं मशीन खोलून बघितलं होतं, पण आईनं जिथं हात लावला तेवढीच जागा सोडून दिली होती. दुसरा कुणी मिस्तरी असं वागला असता तर त्यानं त्याला गाढवात काढलं असतं.

त्यानं आतल्या दारातून हाक मारली. "माय, जरा इकडं ये. सकाळी कुंकू कसं लावलं ते मला दाव."

द्वारकाबाई उंबऱ्यातच थांबली. "काहून?"

"मी समद्या गिऱ्हाईकांना विचारतो. तुलाबी विचारून राहिलो."

ती आली. हात पाठीमागे धरून, जणू मशीनला लागू नये म्हणून. मग भीत भीत तिनं बोट पुढे केलं. "याला कपाळ दिसंना. मंग म्हनलं ही बारकी गोल जागा हाय, कपाळागत, इथंच लावावं. पन हे पलाष्टिक. गुळगुळीत. नुसतं कुंकू लावलं तर गळून पडतंय, अन् नव्या वस्तूवरचं कुंकू गळलं तर वंगाळ. म्हनून आधी मेण लावलं. अंगठ्यानं चांगलं दाबून बसवलं. त्याच्यावर कुंकू."

"दाबून?"

"व्हय. जरासं आत बी गेलं. म्हनलं ब्येस झालं, खळी पडली."

संतराम टेबलापुढे गुडघ्यांवर बसला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यानं त्या लाल ठिपक्याकडे सरळ बघितलं. मोठ्या बटनाखाली एक छोटं बटन होतं. ते दाबलं की मशीन चाललेलं सगळं टाकून पहिल्यापासून सुरू होतं. अडलंच तर कधी दाबायचं. दाबून सोडायचं. कुणी दाबूनच धरलं तर बिचारं सुरू व्हायच्या तयारीत उभं राहतं आणि सुरू काही होत नाही. ते बटन आत रुतलेलं होतं. भोवतीच्या बारीक फटीत तेलानं मऊ झालेलं मेण शिरलं होतं आणि आता थंड होऊन लाखेसारखं घट्ट बसलं होतं. सकाळपासून आईचा अंगठा त्या बटनावर होता म्हणायचा.

त्याला हसू आलं. बोर्ड शाबूत होता, मेमरी शाबूत होती, त्याची बांधणी शाबूत होती. आणि सखुआत्याचं म्हणणं, तिला स्वतःला कळलं नसतं अशा रीतीनं, अक्षरशः खरं होतं.

"काय झालं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"काही न्हाई. जा तू, च्या टाक. गुरुजी उठतील आता."

ती गेली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, वळून त्याच्याकडे एकदा आणि ठिपक्याकडे एकदा बघितलं, मग आत गेली.

तीनला पाच मिनिटं कमी असताना लाइट आली. संतरामनं टोकदार दाभण उचललं. फटीतलं मेण कोरायला दोन मिनिटं पुरली असती. कुंकू खरवडायचं, मेण काढायचं, बटन उचकटायचं. त्यानं दाभण ठिपक्यापर्यंत नेलं आणि त्याचा हात थबकला. अकरा वर्षांनी लावलेलं आईचं पहिलं कुंकू. ते लेकाच्या हातानं दाभणानं खरवडायचं? आणि मग आत्या विचारणार, काय झालं होतं. खोटं बोलायचं तर जागेवरून निघालेलं कुंकू सगळ्यांना दिसणार.

त्यानं दाभण खाली ठेवलं. डब्याच्या उघड्या बाजूनं आत हात घातला. त्या छोट्या बटनाच्या मागून दोन बारीक वायरी निघून बोर्डावर दोन काड्यांना अडकल्या होत्या. बोटांनी चाचपत तो त्यांच्या मागोमाग गेला आणि टोकाची टोपी हळूच उपसून काढली. आता ते बटन आत असो की बाहेर, मशीनला त्याचा पत्ताच नव्हता. कपाळ आईचं, मेंदू मशीनचा. दोघांची गाठ त्यानं सोडवली होती.

मग त्यानं मोठं बटन दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. आणि बारीकशी शिट्टी वाजली. संतरामनं आयुष्यात शेकडो रेडिओ बोलते केले होते, पण त्या एका शिट्टीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसरत वर गेली.

"लागलं व्हय!" गुरुजी खडबडून जागे झाले आणि आधी त्यांनी खिशातला कागद चाचपला.

"माय!" संतराम ओरडला. "माय, इकडं ये!"

द्वारकाबाई हातात चहाची किटली घेऊनच धावत आली. पडद्याकडे बघत उभी राहिली. किटलीतला चहा तिच्या पायावर सांडला तरी तिला कळलं नाही. मिनानं तिच्या हातातून किटली काढून घेतली. संतरामच्या दुसऱ्या हातात अजून ती बारीक वायर लोंबत होती. मिनानं ती बघितली, ठिपक्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून मशीनसमोर बसली. "सांगा गुरुजी. नवरीचं नाव काय घालायचं? शीतल की शितल?"

"शितल. ऱ्हस्व. शाळेच्या दाखल्यावर तसंच हाय, आता कशाला बदलता?"

बातमीला पाय असतात. पंधरा मिनिटांत सखुआत्या हजर झाली. पडद्यावर गुरुजींच्या लेकीचं नाव बघून ती आधी तोंडात बोट घालून उभी राहिली. मग म्हणाली, "काय झालं व्हतं रं, संत्या?"

"एक वायर जादाची व्हती, आत्या. काढून टाकली."

"म्हंजे वैनीच्या हाताचं काही नव्हतं म्हन की."

"हाताचं काय असतंय? तिनं कुंकू लावलं म्हनून तर आजच्या आज सापडलं."

देवाशपथ यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सखुआत्या द्वारकाबाईपाशी गेली. "वैनी, माह्या जिभेला हाड न्हाई बघा."

"नसू दे. पेढा खा," द्वारकाबाई म्हणाली आणि पदराच्या टोकानं डब्यावरची धूळ पुसू लागली. पुसताना ठिपक्याला धक्का लागू नये म्हणून ती बोटभर अंतर ठेवत होती.

त्यानंतर ते मशीन मिनानं सहा वर्षं राबवलं. सातबाऱ्याचे अर्ज, बायोडाटा, शेकड्यांनी पत्रिका. मधूनमधून ते अडायचं आणि एखादं शिकलेलं गिऱ्हाईक शहाणपणानं म्हणायचं, "ते खालचं बटन दाबा ना." मिना म्हणायची, "ते देवाचं हाय," आणि मोठं बटन दाबून काम भागवायची. कालांतरानं आतले सगळे भाग बदलले, पडदा बदलला. डबा तोच राहिला, तोंडावरच्या लाल ठिपक्यासकट.

आणि द्वारकाबाईला बोलावणी यायला लागली. आधी गुरुजींकडून, शितलच्या लग्नात. मग कुणाच्या पिठाच्या गिरणीला, कुणाच्या मोबाइलच्या दुकानाला. हाताला गुण आहे, बंद पडलेला कॉम्प्युटर चालू झाला, असं आता लोक सांगत. संतराम ते ऐकून हातातल्या कामाला लागायचा. आईला त्या दिवशीचं काही कळलेलं नाही, अशी त्याची खात्री होती.

२००९ च्या दसऱ्याला सखुआत्याच्या मुलानं ट्रॅक्टर घेतला. आत्या गावातच दिलेली. तिचे यजमान कोंडीबा मागच्या चैत्रात गेले होते. दारात नवा लाल ट्रॅक्टर उभा, त्याला झेंडूच्या माळा, भोवती माणसं. द्वारकाबाईला बोलावणं होतंच. संतराम तिला हाताला धरून घेऊन आला. ती आता वाकली होती, पण करंडा तिनं स्वतःच्या हातात धरला होता.

ती ट्रॅक्टरपाशी पोचली, तिनं करंड्याचं झाकण उघडलं आणि आजूबाजूला बघितलं. "सखू कुठं हाय?"

सखुआत्या घराच्या दारामागे उभी होती. मोकळं कपाळ, पदर तोंडाशी.

द्वारकाबाई ट्रॅक्टर सोडून दारापर्यंत गेली आणि करंडा तिच्या हातात ठेवला. "घे. तू लाव. तुझ्या लेकाचा ट्रॅक्टर हाय."

"वैनी, माहा हात…" सखुआत्यानं करंडा परत पुढे केला. "काही इपरीत झालं म्हंजे?"

"हाताला काय झालं? चांगला धडधाकट हाय." द्वारकाबाईनं तिचं मनगट धरून तिला उजेडात आणलं. "आधी मेण लाव, मंग कुंकू. कुठंबी लाव. फकस्त बटनावर नको लावू, मंग लेकराला दिवसभर वायरी काढत बसावं लागतंय."

लोकांना काही कळलं नाही. ते म्हातारीच्या बोलण्याला हसले. संतराम हसला नाही. त्यानं आईकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. सखुआत्याचं बोट आपल्या हातात धरून ती ट्रॅक्टरच्या लाल पत्र्यावर सपाट जागा शोधत होती.